भुलेश्वरची शिल्पे आणि आपली नजर

भुलेश्वरचे नाव काढले की सांगणारा बहुधा दोनच गोष्टी सांगतो. एक, तेथे स्त्रीरूपातील गणपती आहे. दुसरी, पिंडीखालच्या पोकळीत पेढ्यांचे ताट ठेवले की त्यातील एखादा पेढा नाहीसा होतो. या दोन नवलांची कीर्ती एवढी झाली आहे की, ज्या शिल्पसंभारामुळे हे देवालय महाराष्ट्राच्या कलेतिहासात गणले जाते तो बहुतेकांच्या नजरेस पडतच नाही. माणसे डोंगर चढतात, नवल पाहतात, छायाचित्र काढतात आणि उतरतात. प्रस्तुत लेखात या दोन नवलांपलीकडे जे आहे त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. तो विचार एका कॅथलिक त्रैमासिकात का व्हावा, याचे उत्तरही ओघात येईलच.

आपल्या पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चाकण या पट्ट्यातील धर्मग्रामे कारखान्यांबरोबर वाढली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, त्यामागून मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले, आणि नगर, जालना, वसई, गोवा, केरळ अशा दूरदूरच्या भागांतून ख्रिस्ती कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. या भूमीला कारखान्यांपूर्वीचाही इतिहास आहे, हे धावपळीत विसरले जाते. चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे. चाकणला चक्रेश्वराचे जुने देवालय आहे आणि १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाविरुद्ध झुंजविलेला संग्रामदुर्गही आहे. कंपनीच्या बसमधून आपण रोज यांच्या शेजारून जातो.

याच बसमधील सहकारी श्रावणात भुलेश्वरला निघतात आणि आपल्या मुलांनाही बोलावतात. मग घरात प्रश्न उभा राहतो : ख्रिस्ती माणसाने तेथे जावे का? गेलेच तर काय पाहावे? आईवडील गोंधळतात. कोणी साफ नकार देतो, तर कोणी ‘सगळे देव एकच’ असे म्हणून प्रश्नच मिटवून टाकतो. आमच्या मते या दोन्ही उत्तरांत पाहण्याचे श्रम टाळलेले असतात. नकार देणारा पाहतच नाही. आणि सगळे एकच म्हणणाऱ्यास निराळे असे काही पाहण्याची गरजच उरत नाही.

या बाबतीत संत पौलाचे उदाहरण मननीय आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात तो अथेन्स नगरीत येतो. नगरी मूर्तींनी भरलेली पाहून त्याचे मन व्यथित होते. शास्त्र हे लपवीत नाही. परंतु अरीयपगात तो बोलावयास उभा राहतो तेव्हा त्याच्या बोलण्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. तो नगरीतून हिंडलेला आहे, तेथील पूजास्थाने त्याने लक्षपूर्वक न्याहाळलेली आहेत आणि एका वेदीवरील लेखही वाचलेला आहे. त्याची श्रद्धा अढळ होती, म्हणूनच त्याला डोळे झाकून चालण्याची गरज भासली नाही. आधी पाहिले, मग बोलला. आम्हांला भुलेश्वरकडे याच क्रमाने जावयाचे आहे.

हे देवालय पुण्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, सोलापूर रस्त्यावरील यवतपासून आत, पुरंदर तालुक्यातील माळशिरस गावाजवळच्या डोंगरावर आहे. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस ते वेगळे. मूळ मंदिर यादवकाळातील, साधारणतः तेराव्या शतकातील मानले जाते. सतराव्या शतकात, १६३०च्या सुमारास, आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले आणि या डोंगरावर दौलतमंगळ नावाचा किल्ला बांधला. मंदिर त्या किल्ल्याच्या पोटात आले. पुढे अठराव्या शतकात धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींनी येथील बांधकामास द्रव्य पुरविल्याचे सांगितले जाते. आज बाहेरून जे दिसते ते या उत्तरकालीन बांधणीचे रूप : उंच सपाट भिंती, चुनेगच्ची घुमट, मिनारासारखे कोपरे. नवखा मनुष्य क्षणभर बुचकळ्यात पडतो की, हे मंदिर की एखादी गढी?

अशा सर्वच जुन्या दगडी देवळांना आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. परंतु अंबरनाथचे शिवालय शिलालेखानुसार १०६० सालचे, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे आहे. तेव्हा ही शैली एका मंत्र्याची निर्मिती नसून पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेली कारागिरी आहे. नावाच्या शिक्क्याने काम सोपे होते, पण ज्यांच्या हातांनी दगड घडविला ते अनाम कारागीर त्या शिक्क्याखाली झाकले जातात. रोज सुटा भाग तयार करून दुसऱ्याच्या नावाच्या गाडीवर चढविणाऱ्या आमच्या वाचकांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

आता आत जाऊ. प्रवेशद्वार भव्य नाही. दारातून आत गेल्यावर समोर भिंत येते आणि बाजूच्या अरुंद, उंच पायऱ्यांनी वर जावे लागते. डोळे बाहेरच्या उन्हातून एकदम काळोखात येतात. मग हळूहळू नंदी दिसू लागतो, खांब दिसू लागतात आणि त्यांच्यापलीकडे गर्भगृहाकडे जाणारी वाट. मूळ मंदिराभोवती नंतरची भिंत आल्यामुळे प्रदक्षिणेचा मार्ग झाकला गेला आहे, आणि जाळ्यांतून येणाऱ्या तुटपुंज्या प्रकाशात मूळ मंदिराच्या बाह्यभिंतीवरील शिल्पे पाहावी लागतात. जी शिल्पे उन्हात, मोकळ्या आकाशाखाली पाहण्यासाठी घडविली होती ती आता घरात आल्यासारखी झाली आहेत. याचा लाभ असा की पावसापासून त्यांचे रक्षण झाले. हानी अशी की दूर उभे राहून सबंध भिंत नजरेत घेण्याची सोय गेली. प्रेक्षकाला शिल्पाच्या अगदी निकट, जवळजवळ त्याच्या श्वासाच्या अंतरावर उभे राहावे लागते. भुलेश्वरचा जो ठसा मनावर उमटतो त्याचे निम्मे श्रेय या योगायोगाला द्यावे लागेल, असे आमचे मत आहे.

भिंत सरळ नाही. ती ताराकृती आहे. कोन पुढे येतो, मागे जातो, पुन्हा पुढे येतो. प्रत्येक कोनावर एक मूर्ती उभी. चालणाऱ्याला एका वेळी सर्व मूर्ती दिसत नाहीत. एक दिसते, ती मागे पडते न पडते तोच दुसरी पुढे येते. म्हणजे या शिल्पांचा क्रम चालणाऱ्या पायांनी वाचावयाचा आहे. आपल्या चर्चमधील क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने ज्याने चालत केली आहेत त्याला ही रीत परकी वाटणार नाही. आशय सर्वस्वी भिन्न आहे, परंतु चालता चालता मनन करण्याची मानवी रीत एकच आहे.

आणि ही वाट जाते कोठे? बाहेर देवी, सुरसुंदरी, हत्ती, घोडे, योद्धे, महाभारतातील प्रसंग अशी दाटी. आत, गर्भगृहात, मूर्तिविरहित अंधार आणि लिंग. रूपांच्या गर्दीतून अरूपाकडे नेणारी ही रचना आहे. मंदिराचे सगळे सौंदर्य बाहेरच्या भिंतीवर उधळून कारागिराने आतला गाभारा जाणूनबुजून रिकामा ठेवला. कलासमीक्षेच्या दृष्टीने आम्ही यालाच भुलेश्वरचे पहिले नवल म्हणू. पेढ्याची गोष्ट सांगणाऱ्याने या रिकामपणाकडे पाठ फिरविलेली असते.

दगडाविषयी बोलावयास हवे. सह्याद्रीचा हा काळा पाषाण, बेसाल्ट, लाव्हारसापासून झालेला व अतिशय कठीण. कर्नाटकात हळेबीडला होयसळांच्या कारागिरांना मऊ दगड मिळाला. तो खाणीतून काढल्यावर सहज कोरता येतो, म्हणून तेथील मूर्तींच्या अंगावरचे दागिने सोनाराने घडविल्यासारखे बारीक दिसतात. आमच्या दगडात ते परवडणारे नव्हते. जे छिन्नीने निघाले ते परत लावता येत नाही. शेवटच्या दिवशी एक टवका उडाला तर महिन्यांचे काम वाया. ज्याने लेथवर काम केले आहे, एका चुकीच्या कापाने जॉब रिजेक्ट झालेला पाहिला आहे, त्याला या कारागिराची धडधड कळेल. म्हणून महाराष्ट्रातील शिल्पकार अलंकारापेक्षा देहाच्या वळणावर भर देतो. कंबर कोठे मोडावी, खांदा किती झुकवावा, गुडघा कोठे सैल सोडावा, यातच त्याचे सारे कौशल्य असते. मान, कंबर व गुडघा अशा तीन ठिकाणी वाकलेल्या उभेपणाला शास्त्रात त्रिभंग म्हणतात. दगडाच्या मर्यादेतूनच येथील शैली जन्मास आली आहे.

हा मुद्दा लक्षात घेतला म्हणजे भुलेश्वरच्या भग्नतेकडे निराळ्या रीतीने पाहता येते. येथील बहुसंख्य मूर्ती भंगलेल्या आहेत. मुखे छिलली आहेत, नाके उडाली आहेत, हात कोपरापासून तुटले आहेत. सामान्य प्रेक्षक हळहळतो आणि पुढे जातो. त्याच्या लेखी मुख गेले म्हणजे मूर्ती गेली. परंतु एखाद्या सुरसुंदरीसमोर थोडा वेळ उभे राहावे. तिला चेहरा नाही, तरीही ती थकली आहे की उल्हसित आहे, कोणाची वाट पाहत आहे की स्वतःतच रमली आहे, हे कळते. कारण शिल्पकाराने भाव चेहऱ्यावर ठेवलेला नव्हता. तो उभे राहण्याच्या ढबीत, देहाच्या तोलात ठेवला होता. ज्याने घाव घातला त्याला वाटले की मुखात प्राण आहे. प्राण इतरत्र होता, म्हणून तो वाचला. भुलेश्वरच्या शिल्पांचे हे आमच्या मते सर्वांत मोठे यश होय, आणि भंगल्यामुळेच ते आज इतके स्पष्ट दिसते.

आता त्या स्त्रीरूपातील गणपतीविषयी. अभ्यासक तिला वैनायकी म्हणतात. गजमुख आणि स्त्रीदेह असलेली ही देवी एकट्या भुलेश्वरची नाही. ओडिशातील हिरापूर व मध्य प्रदेशातील भेडाघाट येथील चौसष्ट योगिनींच्या मंदिरांतही ती आढळते. शाक्त परंपरेत ब्रह्माणी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी, चामुंडा अशा मातृकांची मालिका आहे. देवाची शक्ती स्त्रीरूपात कल्पिण्याची ती एक सुसंगत रीत. भुलेश्वरचे शिल्पही देवींच्या पट्टात, उंचावर, बसलेल्या स्थितीत आहे. त्या पट्टापासून तिला तोडून ‘साडीतला गणपती’ म्हणून दाखविणे म्हणजे एखाद्या प्रार्थनेतील एकच शब्द उचलून त्यावर हसणे होय. वाटाड्यांनी हे सोडावे, आणि आपणही ते ऐकून हसणे सोडावे. आपल्या मिस्साविधीतील एखादी कृती संदर्भाविना उचलून कोणी नवल म्हणून सांगू लागला तर आपल्याला काय वाटेल, याचा विचार केला म्हणजे पुरे.

महाभारताच्या प्रसंगांविषयी मात्र आमचे मत मिश्र आहे. द्रौपदीस्वयंवरातील मत्स्यभेद, युद्धाची दृश्ये, शरशय्येवरील भीष्म असे पट येथे आहेत. विषय मोठे, जागा लहान. त्यामुळे काही ठिकाणी आकृतींची दाटी होते आणि कथा ठाऊक असल्याविना चित्र उलगडत नाही. उभ्या सुरसुंदरीत जो तोल साधला आहे तो या पटांत सर्वत्र साधलेला नाही. अपवाद शरशय्येचा. रणभूमीवर सारे उभे, धावणारे, शस्त्र उगारलेले असतात; भीष्म तेवढा आडवा. उभ्या रेषांच्या गर्दीत एक आडवी रेषा येते आणि डोळा तेथे थांबतो. युद्धाच्या मधोमध मरणाची शांतता दाखविण्यास एवढी एक रेषा पुरते.

येथे आपल्या धर्मबंधूंना एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. आपल्यापैकी काही उत्साही मंडळी असे पट पाहून लगेच म्हणतील की, स्वेच्छेने मरण पत्करणारा हा भीष्म म्हणजे ख्रिस्ताचीच छाया आहे. हेतू चांगला असेल, पण हे पाहणे नव्हे. भीष्माचे दुःख हे प्रतिज्ञेत अडकलेल्या वृद्धाचे, दोन्ही बाजूंवर प्रेम करणाऱ्या आजोबांचे दुःख आहे. ते त्याचेच राहू द्यावे. शेजाऱ्याच्या घरातील प्रत्येक वस्तूवर आपले नाव लिहीत सुटणे हा आदर नव्हे.

या मूर्ती कोणी फोडल्या, याची चर्चा तेथे प्रत्येक भेटीत होते आणि बोट लगेच परधर्मी आक्रमकाकडे वळते. इतिहास इतका सरळ नसतो. ज्याने पुण्याचा विध्वंस केला आणि या मंदिराभोवती किल्ला उभारला तो मुरार जगदेव हिंदू होता व मुसलमान सुलतानाच्या चाकरीत होता. आणि या चर्चेत आपण ख्रिस्ती लोकांनी मान खाली घालून बसलेले बरे. गोव्यात १५४० पासून तिसवाडीतील व १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली, आणि त्या कामी धर्मगुरूंचा हात होता. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला न्यावा लागला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. बोरिवलीजवळ मंडपेश्वरच्या शैव लेण्यात फ्रान्सिस्कनांनी चर्च केले. तेथील भिंतीत कोरलेला क्रूस आजही दिसतो. गोवा-वसईकडून आलेल्या आपल्या कुटुंबांच्या श्रद्धेचा उगम याच काळाच्या आसपासचा आहे. ती श्रद्धा खरी आहे आणि तो विध्वंसही खरा आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरण्याइतके बळ प्रौढ श्रद्धेत असले पाहिजे.

मूर्तिभंगाची वेदना आपल्याला अपरिचित नाही. पूर्वेकडील ख्रिस्ती जगतात आठव्या शतकात सम्राटांच्या हुकुमाने प्रतिमा फोडल्या गेल्या. ७८७ मध्ये निकायाच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने प्रतिमांचा आदर योग्य ठरविला. १९७२ मध्ये रोमला संत पेत्राच्या महामंदिरात एका इसमाने हातोड्याने मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’वर घाव घातले, पवित्र मरियेचे नाक फुटले, हात तुटून पडला. सारे कॅथलिक जग हादरले, आणि कुशल हातांनी ती मूर्ती पूर्ववत जोडली. ती बातमी वाचून ज्याचे हृदय पिळवटते त्याने भुलेश्वरच्या नाक छिललेल्या देवीसमोर उभे असताना शेजारी उभ्या असलेल्या भक्ताच्या मनात काय चालले असेल हे ओळखावे. देवतेविषयीची आपली समजूत निराळी असो. घावाची समजूत निराळी असण्याचे कारण नाही.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५च्या घोषणेत सांगितले की इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही. त्याआधी १९६३च्या उपासनाविषयक संविधानात परिषदेने स्पष्ट केले होते की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली स्वतःची म्हणून मानलेली नाही. सर्व देशांच्या व काळांच्या कलेस तिच्या मंदिरांत स्थान आहे. याही आधी आपल्या पुण्यात अँजेलो द फोन्सेका या गोमंतकीय चित्रकाराने (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात शिकून, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून, साडी नेसलेली मरिया रंगविली. त्याबद्दल स्वकीयांचीच टीका त्याने सोसली.

आणि आज आपल्या धर्मग्रामांत काय आहे? कारखान्यांच्या पट्ट्यात नवी चर्चे उभी राहिली याचा आनंद आहे. परंतु त्यांतील पुष्कळशा मूर्ती सूचिपुस्तक पाहून मागविलेल्या, एकाच साच्यातून निघालेल्या, गुलाबी गालांच्या व निळ्या डोळ्यांच्या फायबरच्या असतात. सारा भाव चेहऱ्यावर रंगविलेला. देहाला ना तोल, ना वजन. चेहरा झाकला तर ती मूर्ती कोणाची व काय म्हणते हे सांगता येणार नाही. भुलेश्वरच्या मुखहीन सुरसुंदरीशेजारी ती मनाने उभी करून पाहावी, म्हणजे आमचे म्हणणे पटेल. विशेष खेद याचा की, ज्या धर्मग्रामात फाउंड्रीतील साचे घडविणारे, लोखंडात केसाएवढा फरक बोटाने ओळखणारे हात आहेत, त्याच धर्मग्रामाच्या वेदीमागील क्रूस मात्र बाहेरून तयार येतो. आपल्या हातांतील विद्या आपण रविवारी दाराबाहेर ठेवतो.

म्हणून शेवटी दोन सूचना. भुलेश्वरला जाणाऱ्या तरुणांनी श्रावणाची व महाशिवरात्रीची गर्दी टाळून जावे. पूजेत सहभागी होण्याचे त्यांना बंधन नाही. पादत्राणे काढणे, आवाज खाली ठेवणे, शिल्पांना हात न लावणे, भक्तांच्या वाटेत न येणे, एवढे मात्र बंधन आहे. एकच मूर्ती निवडावी आणि तिच्यापुढे दहा मिनिटे उभे राहावे, छायाचित्र त्यानंतर. आणि ज्या धर्मग्राम समित्या पुढील वर्षी नवी मूर्ती घेण्याच्या विचारात असतील त्यांनी सूचिपुस्तक उघडण्यापूर्वी आपल्याच वस्तीतील एखाद्या पॅटर्नमेकरला, सुताराला, कास्टिंगच्या कामगाराला बोलावून विचारावे : तुला क्रुसावरचा प्रभू घडविता येईल का? पहिली मूर्ती ओबडधोबड होईल. होऊ द्यावी. खांदा कसा झुकतो आणि भार कोठे पडतो हे त्या हातांना यंत्रावर उभे राहून ठाऊक झालेले आहे.